जाई, सायली की केतकी? मुलीसाठी फुलाचं नाव निवडताना

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमधलं कुटुंब, आडनाव जोशी, भाद्रपदात मुलगी झालीये. नाव फुलाचंच हवं, हे पक्कं. यादी गाळत गाळत सातावर आली: जाई, जुई, सायली, केतकी, प्राजक्ता, अबोली, मृणाल. गुरुजींनी जन्मनक्षत्र पुनर्वसूचं पहिलं चरण (नक्षत्राचा पहिला चतुर्थांश) काढून 'के' अक्षर दिलं, म्हणून केतकी जवळपास ठरलंच होतं. पण आजींचं म्हणणं, केतकी शंकराला चालत नाही आणि घरचं कुलदैवत शंकराचं. वर त्यांची आणखी एक शंका: फूल संध्याकाळी कोमेजतं, मग लेकीला फुलाचं नाव कशाला? बारसं आठ दिवसांवर आलंय.

मृणाल आधी बाजूला काढा. नाव सुरेख आहे, पण ते फूल नाही. मृणाल म्हणजे कमळाचा देठ, त्यातला मऊ तंतू. संस्कृत कवी नायिकेच्या हातांना मृणालाची उपमा देतात ती त्या नाजूकपणामुळे. नावांच्या याद्यांमध्ये 'मृणाल म्हणजे कमळ' असं सर्रास छापलेलं असतं आणि पुढे तेच उतरवलं जातं. पल्लवीचं असंच. पल्लव म्हणजे कोवळी पालवी, फूल नव्हे. मंजिरी म्हणजे तुळशीचा किंवा मोहोराचा तुरा, ते निदान फुलाच्या जवळचं तरी आहे. (पुण्यात मंजिरी ठेवणाऱ्यांनी जवळच्या मांजरी बुद्रुक गावावरून होणारे विनोद गृहीत धरावेत.) शिवाय मृणाल बंगालीत पुरुषाचं नाव असतं. कमल, कुमुद, सुमन, बकुळ यांचीही हीच गत. ती नावं महाराष्ट्राबाहेर गेली की समोरचा 'श्री' लावूनच पत्र पाठवतो. कमळच हवं असेल तर स्त्रीलिंगी शेवटाची नावं घ्यावीत: नलिनी, पद्मिनी, नीरजा, मृणालिनी. अंबुजाही अर्थाने उत्तम, पाण्यात जन्मलेली. पण आता ते नाव ऐकून लोकांना सिमेंटचं पोतं आठवतं, त्याला इलाज नाही.

उरली सहा.

फुलाच्या नावाचा अर्थ आयुष्यात दोन-चारदा सांगावा लागतो, नाव मात्र दिवसातून पन्नास वेळा घेतलं जातं. म्हणून पहिली परीक्षा तोंडाची. गॅलरीतून खाली खेळणाऱ्या पोरीला बोलावताय असं समजून प्रत्येक नाव मोठ्याने पुकारून बघा. ईकारान्त नाव लांबवता येतं: सायलीऽ, जुईऽ, केतकीऽ. व्यंजनावर संपणारं नाव मधेच ओढावं लागतं. मग विभक्ती लावा. हे कुणी करत नाही आणि नंतर पस्तावतात. 'मृणालला', 'कमलला' म्हणताना 'ल'वर 'ला' आपटतो. 'सायलीला, सायलीची, सायलीकडे' सरळ जातं. प्राजक्ताचं 'प्राजक्ताला' की 'प्राजक्तेला' यावर घरात दोन तट पडतात. व्यवहारात पहिलंच टिकतं. जाईची अडचण वेगळीच आहे. 'जाई येते', 'जाई गेली का?', 'जाई जात नाहीये' ही वाक्यं एकदा म्हणून बघा. गंमत वाटली तर ठेवा, ठेच लागली तर सोडा.

लाडाचं नाव तुम्ही ठरवत नाही, ते चिकटतं. तरी अंदाज बांधता येतो. सायलीची सायू होते, प्राजक्ताची प्राजू, अबोलीची अबू. केतकीची होते केतू. आता ज्या घरात चरण बघून नाव ठेवलं जातं, तिथे मुलीला दिवसभर राहू-केतूतल्या केतूच्या नावाने हाका मारलेल्या आजींना कितपत रुचतील, ते तुम्हीच ठरवा.

अबोलीबद्दल दोन शब्द. अबोलीला वास नसतो, पण तिचा गजरा मोगऱ्याच्या गजऱ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो, आणि तिच्या त्या केशरी छटेला तर 'अबोली' रंगच म्हणतात. नाव म्हणून तोंडात गोड आहे. अडचण शब्दाच्या फोडीत: अ-बोली, न बोलणारी. मूल बोलायला दोन महिने उशीर करो, की शाळेत रुसून बसो, प्रत्येक वेळी कुणीतरी नावाकडे बोट दाखवणार. तो शब्दखेळ तुम्हाला गोड वाटत असेल तर हरकत काहीच नाही, फक्त तो आयुष्यभर चालणार आहे हे धरून चाला.

जाई आणि जुई यांत घोळ होतो तो फुलांच्या बाजूनेही. दोन्ही मोगऱ्याच्या कुळातल्या. जाईचं पान संयुक्त, एका देठावर पाच ते नऊ पर्णिका, आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक असते. जुईचं फूल लहान; पान वरवर एकच दिसतं, पण त्याच्या बुडाशी कानाच्या पाळ्यांसारख्या दोन बारक्या पर्णिका असतात. सायली, कुंद, चमेली हीही सगळी त्याच गोतातली पांढरी सुवासिक फुलं, त्यामुळे फूलबाजारात नावांची सरमिसळ होते. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला तिच्या नावाचा वेल कुंडीत लावायचा बेत असेल, तर रोपवाटिकेत नुसतं नाव सांगून रोप उचलू नका. पान बघा, जमलं तर फुलावर आलेलं रोप घ्या.

संस्कृत नाव शोधताना हे गोत माहीत असलेलं बरं. जुईचं संस्कृत नाव यूथिका, मोगऱ्याचं मल्लिका, प्राजक्ताचं शेफालिका, ज्याची शेफाली झाली. म्हणजे चुलतबहीण प्राजक्ता असेल आणि तुम्ही 'काहीतरी वेगळं' म्हणून शेफाली ठेवलंत, तर घरात एकाच फुलाची दोन नावं झाली. जाईचं संस्कृत नाव जाती. जायफळ म्हणजे जातिफल, जायपत्री म्हणजे जातिपत्री, त्यांतलाही शब्द हाच. पण आजच्या काळात मुलीचं नाव जाती कोण ठेवणार? संस्कृत पर्याय हवाच असेल, तर जाईचं दुसरं नाव मालती घ्यावं. अशा फसव्या जागा आणखी आहेत. पळसाच्या फुलावरून किंशुका हे नाव अधूनमधून सुचवलं जातं. ऐकायला भारदस्त आहे, पण 'विद्याहीना न शोभन्ते निर्गन्धा इव किंशुकाः' हे सुभाषित शाळेत संस्कृत घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कानावरून जातं. रूप आहे, कूळ आहे, पण विद्या नाही असा माणूस वास नसलेल्या पळसाच्या फुलासारखा. आठवीच्या वर्गात ते वाचलं गेलं की सगळ्यांच्या माना किंशुकाकडे वळणार.

आता कागदपत्रं, कारण नाव अडतं ते तिथे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य शासनाच्या कागदपत्रांत नावाचा क्रम असा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे 'जाई जोशी' मधला जकाराचा अनुप्रास तुम्हाला खटकत असेल, तर तो कागदावर फारसा उरत नाही, मधे दोन नावं येतात. शाळेच्या हजेरीत आणि फोनवर मात्र उरतो. उलट, आईचं नाव पाच अक्षरी असेल तर प्राजक्तासारख्या जोडाक्षरी नावाने चार शब्दांची ओळ जड होते. कागदावर चारही नावं सलग लिहून एका श्वासात वाचा. मधे कुठे अडखळलात, तर बँकेचा कारकूनही तिथेच अडखळेल.

रोमन अक्षरांतलं स्पेलिंग हा त्याहून मोठा खड्डा. जाई हे जे-ए-आय असं लिहिलं तर अमराठी माणूस ते 'जय' वाचतो आणि मुलगा समजतो. जे-ए-ए-आय केलं तर थोडं सावरतं, पण शाळेतला, बँकेतला, आधार केंद्रातला कुणीतरी एक ए गाळणार. सायलीची किमान चार स्पेलिंगं चालू आहेत: य नंतर ए घालून किंवा गाळून, शेवटी आय किंवा डबल ई. केतकीत आपण बोलताना 'त' अर्धवट म्हणतो, त्यामुळे टी नंतर ए लिहायचं की नाही हा प्रश्न येतोच. नियम एकच: काय ते आत्ता ठरवा, कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर तेच. उच्चाराचंही थोडं बघा. जाई-जुई म्हणताना आपल्याकडे बरेचजण 'जागा'तला ज काढतात. हिंदी भाषक 'जय'मधला काढेल. ते तुम्ही बदलू शकणार नाही. ज्यांना हे फार टोचतं त्यांनी ज आणि च असलेली फुलं टाळलेलीच बरी.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती माहिती दवाखानाच पाठवतो. नोंद होते ती जन्म जिथे झाला त्या हद्दीत. तुम्ही राहता कोथरूडला आणि प्रसूती सदाशिव पेठेत झाली असेल, तर दाखल्यासाठी चौकशी पेठेच्या बाजूच्या क्षेत्रीय कार्यालयात. नाव न घालताही नोंद होते. नंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून दवाखान्यातल्या फॉर्मवर 'सध्या लिहू, मग बघू' म्हणून नाव लिहून टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रकाना रिकामा ठेवला तर पुढे साधा अर्ज पुरतो. लिहिलेलं नाव बदलायचं म्हटलं की प्रतिज्ञापत्रं आणि खेटे सुरू. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेशापासून विवाहनोंदणीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे त्यावरची वेलांटी सुद्धा तपासून घ्या. दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत मिळतो, दोन्ही ओळी वाचा. सायलीची 'ली' दीर्घ, केतकीची 'की' दीर्घ, जुईचा 'जु' ऱ्हस्व.

आता चरणाचं. नक्षत्रं २७, प्रत्येकाची चार चरणं, म्हणजे अक्षरं १०८. एक चरण ३ अंश २० कलांचं, आणि ते ओलांडायला चंद्राला साधारण सहा तास लागतात. जन्मवेळ पाच-दहा मिनिटांनी मागेपुढे झाली तरी चरण सहसा बदलत नाही. सीमेजवळ असेल तरच गुरुजींना पुन्हा गणित करायला सांगा. पुनर्वसूची अक्षरं के, को, हा, ही. तुमच्या यादीतली बाकीची नावं कुठे बसतात तेही सांगतो: जाईचं 'जा' उत्तराषाढाचं तिसरं चरण, सायलीचं 'सा' शततारकेचं दुसरं, अबोलीचा 'अ' कृत्तिकेचं पहिलं. जुईचं 'जू' अभिजितकडे जातं, आणि अभिजित २७ च्या कोष्टकात नसतो, त्यामुळे जुई चरणावरून निघत नाही. थोडक्यात, 'के'साठी यादीत केतकी एकटीच.

आणि तिथेच आजी उभ्या आहेत. त्या सांगतात ती कथा खरोखर शिवपुराणातली आहे. ज्योतिर्लिंगाचं टोक पाहिल्याचा खोटा दावा ब्रह्मदेवाने केला, केतकीने त्याला खोटी साक्ष दिली, म्हणून शंकराने तिला आपल्या पूजेतून बाद केलं. कथा फक्त शिवपूजेपुरती आहे, फुलाला अशुभ ठरवणारी नाही. गणपतीत मंडईत केवड्याचे, म्हणजे केतकीचेच, भाव चढतात ते काही उगाच नाही, आणि केतकी नावाच्या मुली पुण्यात भरपूर आहेत. (एक गंमत म्हणून: केवड्याच्या कुळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि आपण वेणीत माळतो ते सुवासिक कणीस नर झाडाचं.) हा युक्तिवाद बरोबर आहे. तरीही आजींसमोर तो मांडून जिंकण्याचा सल्ला मी देणार नाही. कुलदैवत शंकराचं, आजी रोज अभिषेक करणार, आणि नातीचं नाव उच्चारताना दर वेळी मनात किंतु येणार. नाव हाकेत जगतं, आणि घरात सगळ्यात जास्त हाका बहुतेक आजीच मारणार.

सुटका परंपरेतच आहे. धर्मशास्त्रात नामकरणाला एक नाव सांगितलेलं नाही. देवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि व्यवहाराचं अशी चार सांगितली आहेत. चरणाचं अक्षर लागतं ते नाक्षत्र नावाला. ते पत्रिकेत राहतं, बाळाच्या कानात सांगितलं जातं, शाळेच्या दाखल्यावर त्याला जागा नाही. म्हणजे व्यवहाराचं नाव 'के'पासूनच हवं ही अट तुम्ही स्वतःवर घालून घेतली आहे.

व्यवहाराचं नाव म्हणून माझं मत सायलीला. पुकारायला मोकळं, विभक्तीत कुठे न अडणारं, मुलगा-मुलगी असा घोळ नाही, अर्थाला कुठे खोच नाही, जोशी आडनावापुढे छान बसतं. उणी बाजू म्हणजे स्पेलिंग, आणि दुसरी, की आत्ता तिशीत असलेल्या मुलींमध्ये हे नाव फार आहे. पण तुमच्या मुलीच्या वर्गात चार सायल्या असतील असं आता वाटत नाही. प्राजक्ता दुसऱ्या क्रमांकावर. भाद्रपदातला जन्म, अंगणात सडा पडण्याचा तोच हंगाम, हे जुळतंच; पण 'फूल कोमेजतं' म्हणणाऱ्या आजींना रात्री उमलून पहाटे गळणारं फूल सांगणं म्हणजे त्यांच्याच हातात कोलीत देणं.

आणि नाक्षत्र नावासाठी 'के'पासूनचं एक फूल आहे, जे यादीत कुणाला सुचलेलं दिसत नाही. संस्कृतात बकुळीचं एक नाव केसर. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात केसर आणि बकुल ही एकाच झाडाची नावं म्हणून शेजारी शेजारी आहेत. अक्षर बरोबर, केतकीची भानगड नाही. आणि आजींच्या दुसऱ्या शंकेचंही उत्तर त्यातच, कारण बकुळीचं फूल वाळून तपकिरी झालं तरी वास सोडत नाही. वहीत ठेवलेली बकुळ वर्षभराने उघडून हुंगलेली आजींना नक्की आठवेल. बारशाच्या आधी वाळलेल्या बकुळीची एक माळ मिळाली तर आणून त्यांच्या हातात द्या.

बारशाला ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव काढतात. तिथे आधी 'केसर', खाली 'सायली'. कानात सांगायचं काम आत्याचं, म्हणून तिला दोन्ही नावं आदल्या दिवशीच लिहून द्या, कारण 'कुर्र' करून पाठीत धपाटे बसायला लागले की तिला काही आठवत नाही. आणि केसर लिहिताना 'स' काढा. 'श' काढलात, तर पाहुण्यांना बकुळ नाही, बासुंदीत घालायचं केशर आठवेल.